रतनच्या खोलीतला फोन

मागच्या खोलीतल्या रतनला दिवसभर फोन येत, आणि तो एकही उचलत नसे. माणसाने इतका माज करू नये, असं मला वाटायचं. भिंतीपलीकडे मी एकटी, माझा मुलगा संजय परदेशात, आणि हा पठ्ठ्या वाजणारा फोन तसाच वाजू देतो!

शेवटी दार वाजवलंच. "अहो रतनराव, उचलायचे नसतील तर आवाज तरी बंद करा."

तो ओशाळला. "काकू, तो फोन नाहीये. या ना, दाखवतो."

लॅपटॉपच्या पडद्यावर अख्खा मोबाइल होता. याला इम्युलेटर म्हणतात म्हणे. नवं अ‍ॅप आधी या खोट्या फोनवर चालवून बघायचं. अ‍ॅपमध्ये काही लिहीत असताना मध्येच फोन आला तर लिहिलेलं पुसलं जातं का, हे तो तपासत होता. म्हणून तोच या फोनला सारखे खोटे कॉल पाठवायचा. आता तर ते आपोआप जातील अशी सोयही केली होती.

तेवढ्यात तो वाजला. पडद्यावर नाव आलं, 'आई'.

"हे काय?"

"खोट्या कॉलला कुठलाही नंबर टाकला तरी चालतो, काकू. बोटांना हाच पाठ आहे."

"आणि खरी आई?"

"ती नाही करत. नोकरी लागली तेव्हा मीच सांगितलं होतं, कामाच्या वेळात फोन करू नको. आता घरूनच काम, म्हणजे सगळीच वेळ कामाची."

"मग तू कर की."

"करतो. लगेच म्हणते, ठेव बाबा, तुला काम असेल."

मला भरून आलं आणि रागही आला. रतनला खोली लावून देताना त्याची आई कांताबाई वाशीमहून आल्या होत्या, 'लक्ष ठेवा जी' म्हणून स्वतःचा नंबर मला देऊन गेल्या होत्या. घरी येऊन तो लावला.

"माह्या रतनले काय झालं जी?" पलीकडे एकदम घाबरा आवाज.

"काही झालं नाही. तुम्ही त्याला फोन करा. आत्ता. काम गेलं खड्ड्यात."

आणि मुद्दाम मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. रतन ओट्याशी कांदा चिरत होता. फोन वाजायला लागला. त्याने मानही वळवली नाही. वाजतोय, वाजतोय.

"अरे, उचल ना!"

"वाजू द्या काकू, तो कॉम्प्युटरमधलाच."

"खरा आहे तो! उशीखाली बघ!"

सुरी तशीच टाकून तो धावला. फोन कानाला लावला. कांताबाईंना हळू बोलायची सवय नाही, त्यामुळे मला दारात ऐकू आलं, "कामात तं नाहीस नं बापा?"

"नाही आई," तो म्हणाला. "बोल. तू बोल."

मी दार ओढून घेतलं. भिंतीपलीकडून तो हसल्याचा आवाज आला. या खोलीत आल्यापासून पहिल्यांदाच असेल. मग मीही धीर केला. संजयनेही मला सांगून ठेवलंय, 'आई, मीटिंगमध्ये असतो, मेसेज टाक.' तरी फोन लावला.

वाजत राहिला. बंद झाला. पुन्हा लावला.

तिकडे त्याच्या दारात ओरडायला कुणी नव्हतं.