चिंचेने उजळलेला रियाल

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतक्या हळुवारपणे वस्तू हाताळणारा माणूस अख्ख्या रियाधमध्ये नसेल. मूळचे नाशिकचे, पेशाने इंजिनियर, आणि छंद जुन्या नाण्यांचा. नाणं बघताना खाली मऊ फडकं अंथरायचं आणि वर तोंड बंद ठेवायचं, कारण बोलताना नाण्याला वाफ लागते. मी मुळातच कमी बोलते, त्यामुळे त्यांनी मला आदर्श श्रोता ठरवून टाकलं होतं. एकदा एकाच सालची दोन नाणी समोर ठेवून म्हणाले, "हे जुळे भाऊ. हा बाजारभर फिरला, झिजला. हा नुसता डब्यात झोपून राहिला. आणि किंमत कोणाला? झोपलेल्याला!" मी म्हटलं, "अनफेअर आहे." काका खूश झाले. "अगदी अनफेअर!"

दर्जा ठरवायची ही सवय नाण्यांपुरती राहिली नव्हती. केळी, उशा, शेजाऱ्यांच्या गाड्या, काहीच सुटत नसे. एकदा जेवताना पोळी उजेडात धरून ते म्हणाले, "एका बाजूला किंचित डाग, बाकी उत्तम." काकू म्हणाल्या, "मग खाऊ नका. पाकिटात घालून ठेवा, भाव वाढेल."

खरं तर काकांना भावाशी देणंघेणं नव्हतं. एकही नाणं त्यांनी कधी विकलं नाही. त्यांना हवा होता बत्ह्याच्या जुन्या बाजारातल्या, नाणी विकणाऱ्या एका म्हाताऱ्या सौदी व्यापाऱ्याच्या तोंडून एक चांगला शब्द. सुट्टीच्या दिवशी ते मेट्रोने त्याच्याकडे एखादं नाणं घेऊन जात. तो भिंगातून बघे आणि "आदी", म्हणजे साधंच आहे, असं म्हणून परत सरकवे. मग काकांना एक जुना चांदीचा रियाल मिळाला. त्यावर निळसर काळी साय धरली होती. "ही साय म्हणजे त्याचं वय," काका मला म्हणाले. "घासली की संपलं." रियालचा फोटो बघून व्यापारी पहिल्यांदाच "आदी" म्हणाला नाही. म्हणाला, घेऊन ये.

त्याच आठवड्यात लक्ष्मीपूजन होतं. आईने दिलेल्या चकल्या घेऊन मी वर गेले, तेव्हा काकू सिंकपाशी उभ्या होत्या.

"अहो, बघा तरी! पूजेला चांदीचं नाणं हवं म्हणून तुमच्या डब्यातून घेतलं. केवढं काळं पडलं होतं! चिंच लावून चांगलं घासलं."

त्यांच्या ओल्या तळहातावर रियाल आरशासारखा चमकत होता. काका बघतच राहिले. मी चकल्यांचा डबा घट्ट धरला. काकूंचं हसू हळूहळू उतरायला लागलं.

"का हो? काही चुकलं का माझं?"

काकांनी रियाल हातात घेतला, दिव्याखाली नेला, उलटून पाहिला.

"छे गं," ते म्हणाले. "मला नसतं जमलं असं. ठेव लक्ष्मीपुढे."

त्या सुट्टीला ते बत्ह्याला गेले नाहीत. व्यापाऱ्याचा फोन आला, तेव्हा मी तिथेच होते. "खलास," एवढंच ते म्हणाले, आणि फोन ठेवून मला कॉफी विचारली.

यंदा काकू मुलीच्या कॉलेजसाठी नाशिकला आहेत. लक्ष्मीपूजनाला मी वर गेले, तर काकांनी व्हिडिओ कॉल लावून फोन साखरेच्या बरणीला टेकवला होता. वर्षभरात रियालवर पुन्हा पुसटशी राखाडी छटा आली होती आणि ते बाह्या सरसावून चिंचेने तो घासत होते.

"अहो, अक्षरांच्या खाचांत राहिलंय अजून," फोनमधून काकू म्हणाल्या.

"हो, हो, दिसतंय," म्हणत काका आणखी वाकले.