पाळणाघरात रडायला मनाई

"सिस्टर, धापू उठत नी हो. चमच्याने दूध घातलं तर बाहेर येतंय."

सरजूबाई दारात उभी राहून सांगत होती. मी मोठ्या मुलांना हात धुवायला लावत होते. सरजू आमच्या गिरणीच्या पाळणाघरातली आया. सहसा घाबरणारी बाई नव्हे. ती घाबरली म्हणजे खरंच काहीतरी बिघडलं होतं. मी तशीच ओल्या हातांनी धावले.

धापू जेमतेम बसायला लागलेली पोर. ओठ निळसर पडले होते. श्वास इतका हळू चालला होता की छातीवर हात ठेवून पुढच्या श्वासाची वाट बघावी लागत होती. मी पापणी उचलली. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. ही खूण नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. आमच्या माळव्यात ती न शिकवताही कळते. अफू.

गिरणीचे डॉक्टर आले. त्यांनी कोरामिनचं इंजेक्शन दिलं. श्वासाला ढकलणारं तेव्हाचं औषध. "आता हिला झोपू देऊ नका, बाकी देवाच्या हातात," म्हणाले. मग मी आणि सरजू आळीपाळीने तिला खांद्यावर घेऊन फिरवत राहिलो. तळव्यांवर टिचक्या मारायच्या, गालावरून ओलं फडकं फिरवायचं, नाव घेऊन हाका मारायच्या. बऱ्याच वेळाने पोरीने तोंड वाकडं केलं आणि एकदाची रडली. बारीक, चिडकं रडणं. मला सरजूला मिठी मारावीशी वाटली, आणि मी मारलीही.

तिची आई रुक्मा रीलिंग खात्यात होती. रीलिंग म्हणजे सुताच्या लड्या करायचं काम. जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाल्यावर ती आली. सरजूने तिला दारातच सगळं सांगितलं. रुक्माने मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "बई, मुकादम के तो नी बतायो?"

मुकादमाला तर नाही ना सांगितलंत?

माझा तोल गेला. पोर मरता मरता वाचली आणि हिला मुकादमाची पडलीय! मी तिला नाही नाही ते बोलले. ती खाली बसली आणि धापूला पदराखाली घेतलं. पदर तिला सावरता येईना, शेवटी सरजूने धरला. ते बघून मी थांबले. पण राग गेला नव्हता.

मी गिरणीत कशी आले तेही सांगते. माझे वडील होळकर दरबारात हुजूर कचेरीत होते. संस्थानं गेली, मध्य भारत झाला, कचेऱ्या बदलल्या, माणसं बदलली. घर चालवायला कुणीतरी नोकरी करणं भाग होतं आणि नर्सिंगचा डिप्लोमा माझ्याकडे होता. त्याच सुमाराला कारखान्यांचा नवा कायदा आला. ज्या गिरणीत बऱ्याच बायका कामाला आहेत तिथं पाळणाघर हवं आणि ते सांभाळायला शिकलेली बाई हवी. ती शिकलेली बाई मी. आत्याने महिनाभर तोंड फिरवलं. दरबारी घराण्यातली मुलगी आणि मिलमध्ये!

पाळणाघर मात्र बघण्यासारखं होतं. पांढऱ्या भिंती, ओळीने पाळणे, मोठ्या मुलांसाठी लाकडी ठोकळे आणि झोपाळा. दूध गिरणीचं. सगळं फुकट. पाहुणे आले की आमचे मॅनेजर मुजुमदारसाहेब त्यांना आधी इकडे आणायचे. पाहुणे म्हणायचे, "काय शांत मुलं आहेत हो!" मी नवीन होते. मलाही ते आमच्या शिस्तीचं फळ वाटायचं.

धापूच्या प्रकारानंतर मी पाळण्यापाळण्याशी जाऊन प्रत्येक तान्ह्या मुलाचे डोळे बघितले. बहुतेक सगळ्यांचं तेच. कुणाला कमी, कुणाला जास्त. सकाळी कामावर येण्याआधी मोहरीएवढी अफू नखाच्या टोकावर घेऊन चाटवायची, मूल सुट्टीपर्यंत निजून राहतं. इकडे तिला अमल म्हणतात. गावाकडे शेतावर जाताना बायका देतात. त्याच बायका गिरणीत आल्या, सवय बरोबर आली.

मी मुजुमदारसाहेबांकडे गेले. त्यांचं ऑफिस पाळणाघराच्या भिंतीला लागूनच होतं.

"अफीम? आपल्या इथं?" ते ताडकन उठले. "सिस्टर, हे बाहेर गेलं तर अपनी तो इज्जत गेली. नोटीस लावा. अफू दिलेलं मूल आत घ्यायचं नाही. एकदम बंद!"

मला ते पटलं. नोटीस लागली. वाचता न येणाऱ्यांना सरजूने वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी निम्मे पाळणे रिकामे. आठवडा संपायच्या आत तान्हं मूल एकही उरलं नाही. मोठी चार पोरं तेवढी झोपाळ्यावर. मुजुमदारसाहेब खुशीत होते. "चला, झंझट मिटली," म्हणाले.

मिटली कशी? मुलं गेली कुठे? त्यांच्या आया तर रोज कामावर येत होत्या.

मी रुक्माचा पत्ता काढून सुट्टीच्या दिवशी तिच्या खोलीवर गेले. गिरणीच्या मागेच रांगेने खोल्या होत्या. नवरा देपालपूरकडे कुणाच्या तरी शेतावर, अधूनमधून तोंड दाखवायचा. घरात ही, धापू आणि डोळ्यांनी जवळजवळ आंधळी झालेली सासू. धापू झोळीत होती. मी आधी तिचे डोळे बघितले. रुक्माच म्हणाली, "आज नी दियो. आज छुट्टी है."

आज सुट्टी म्हणून नाही दिलं. म्हणजे बाकीचे दिवस देत होती. तेही आता आंधळ्या सासूच्या भरवशावर, जिला पोरीचे ओठ निळे पडलेले दिसलेही नसते. माझ्या नोटिशीने एवढंच साधलं होतं.

"तुला भीती नाही वाटत? त्या दिवशी गेली होती ती!"

रुक्मा माळवीत बोलायची, मी मराठीत सांगते. "भीती वाटते बई. रोज वाटते. पण तुमच्या इथं रडायला मनाई आहे ना."

"कुणी सांगितलं?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिची थट्टा करतेय. मग समजावून सांगितलं. पाळणाघराचा एक नियम होता, मी यायच्या आधीपासूनचा: मूल फार रडलं तर आईला बोलवावं. वाचायला किती चांगला! मलाही चांगलाच वाटला होता. पण आई खातं सोडून निघाली की मुकादम तिच्या जागी लगेच बदली बाई उभी करायचा. बदली म्हणजे कामाच्या आशेने सकाळपासून गेटवर बसलेल्या बायका. आई मुलाला गप्प करून परत येईपर्यंत तिची जागा गेलेली. दिवस बुडाला. आणि जिचं मूल सारखं रडतं तिला मुकादम म्हणायचा, कल से मत आना.

"म्हणून मग जी आपल्या पोरीला निजवून आणते तिची नोकरी टिकते," रुक्मा म्हणाली. "मी गेले तर हिला खायला कोण घालणार?"

मी आल्यापासून मूल रडलं म्हणून आईला बोलवायची वेळ जवळजवळ आलीच नव्हती. ती का आली नव्हती हे आता कळलं.

दुसऱ्या दिवशी मी परत साहेबांसमोर.

"साहेब, नोटीस काढा. अफू बंद व्हायला हवी असेल तर आईला मुलाला पाजायला मधे सुट्टी द्या. कायद्यात ती आहेच. आणि मूल रडलं म्हणून तिची जागा जाता कामा नये."

"अरे सिस्टर, आपण इथं सूत काढतो, बच्चे नाही! बायका दिवसभर येजा करायला लागल्या तर रील कोण फिरवणार?"

"थोडा वेळ बदली फिरवेल. आणि मग आई परत येईल."

"आणि हे सगळे एकदम रडायला लागले तर? ही भिंत बघा, मी इकडे बसतो."

"मुलं रडणारच, साहेब."

"मग राहू द्या," म्हणाले आणि फाइल ओढली.

तिथं मी हात टेकले असते. पण उन्हाळा आला. त्या काळी सरकार उन्हाळ्यात ग्वाल्हेरहून इंदूरला मुक्कामाला यायचं आणि त्याबरोबर साहेबलोकांचा लवाजमा. फॅक्टरी इन्स्पेक्टर गिरणी बघायला येणार असा निरोप आला. त्यांना पाळणाघर बघायचं होतं आणि आमच्याकडे दाखवायला बाळ नव्हतं. मुजुमदारसाहेब धावत भिंतीच्या अलीकडे आले.

"सिस्टर, त्या दिवशी पाळणे भरलेले पाहिजेत. मी मुकादमला बोलतो, सगळ्या बायका बच्चे घेऊन येतील."

"निजवून आणतील, साहेब. इन्स्पेक्टरांनी एखाद्याला हलवून बघितलं तर?"

ते थबकले. मी हीच वेळ साधली. त्या दिवशी मूल रडलं तरी आईची जागा जाणार नाही, असं साहेबांनी मुकादमाला माझ्यादेखत सांगावं. तरच मी मुलं आणते. त्यांनी कपाळ चोळलं. शेवटी म्हणाले, "एक दिन. बस."

बायकांचा विश्वास बसला नाही. का बसावा? मी गेटवर उभी राहून सांगत होते आणि त्या मान डोलावून पुढे जात होत्या. शेवटी रुक्माला बाजूला घेतलं.

"तू आण धापूला. जागी आण. दिवसभर रडली तरी मी तुला बोलावणार नाही. मी घेऊन फिरेन."

"आणि मुकादमने काढलं तर?"

जे होतं तेच मी तिला सांगितलं. "साहेबांनी शब्द दिलाय. माझ्या हातात तेवढाच आहे." भोंगा झाला आणि ती आत गेली.

त्या सकाळी रुक्मा आली. कडेवर धापू, टक्क जागी, डोळ्यात काजळ. बाकीच्या बायका फाटकाशी थांबून बघत होत्या. रुक्माने धापूला माझ्याकडे दिलं आणि खात्याकडे निघाली. धापूने जो टाहो फोडला तो पार बॉयलरपर्यंत गेला असेल. रुक्माची पावलं अडखळली, पण ती गेली. मग एकेक करत दुसऱ्या आल्या.

थोड्याच वेळात पाळणाघराची जत्रा झाली. एकाला उचललं की दुसरं सुरू. सरजूच्या दोन्ही कडेवर दोन, माझ्या खांद्यावर धापू, झोपाळ्यावरची मोठी पोरंही बघून बघून रडायला लागली. नेमके तेव्हाच मुजुमदारसाहेब इन्स्पेक्टरांना घेऊन दारात आले. साहेबांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

"सिस्टर! ये क्या हो रहा है?"

"जागी आहेत, साहेब."

इन्स्पेक्टर वयस्कर गृहस्थ होते. घरी नातवंडं असावीत. त्यांनी टोपी काढली, जवळच्या पाळण्यातलं एक पोर सराईतपणे उचललं, थोपटलं. ते काही थांबेना. "अरे, ये तो भूखा है," म्हणाले आणि साहेबांकडे वळले. "मदर्स को फीडिंग के लिए कब छोडते हैं आप?"

मुजुमदारसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी धापूकडे बघितलं.

"अभी," साहेब म्हणाले. "बस, अभी. यही तो टाइम है."

मुकादमाला निरोप गेला. बायका आल्या त्या जवळजवळ पळतच. केसांत, भुवयांवर सुताचा कापूस. जिला जिथं जागा मिळाली तिथं ती भिंतीकडे तोंड करून बसली. दोघेही साहेब बाहेर जाऊन उभे राहिले. हळूहळू आवाज विरत गेला. मुलं चुटुचुटु पीत होती. रुक्मा धापूच्या डोक्यावरून हात फिरवत मला म्हणाली, "देख बई, कसी भूकी थी." आणि रडायला लागली. मीही रडले. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

इन्स्पेक्टरांनी शेरा लिहिला की पाजण्याची सुट्टी नियमित दिली जाते, ही समाधानाची गोष्ट आहे. आता एवढं सरकारदरबारी नोंदलं गेल्यावर ती बंद कशी करणार? मुजुमदारसाहेबांनी ती चालू ठेवली आणि अफूची नोटीसही काढली. पुढे तर ते पाहुण्यांना सांगायचे की ही कल्पना मूळ त्यांचीच. मी कधी खोडून काढलं नाही. दुसरी आया मिळाली. मुकादम कुरकुरला, मग त्यालाही सवय झाली. पाजून आलेली बाई मुलाच्या काळजीने सूत तोडत नाही, हे त्याच्या लक्षात आलं असावं.

सगळ्या बायकांनी अफू सोडली असं मी म्हणणार नाही. काहींनी सोडली, काहींनी कमी केली. एकीने दोनदा अफू देऊन आणलेलं मूल मी दारातून परत पाठवलं नाही, आत घेऊन डोळ्यांत तेल घालून सांभाळलं, कारण परत पाठवून ते कुठे जातं हे मी बघून आले होते. धापूला मात्र त्यानंतर कधी दिली नाही. चालायला लागली, ठोकळे फेकायला लागली, पुढे झोपाळ्यावर दुसऱ्या कुणाला बसू देईना. मोठ्या मुलांच्या वर्गात मी तिच्यापुढे पार थकून जायचे.

आता मी इंदूरमध्येच राजेंद्र नगरला असते. शेजारची सून बँकेत आहे. मध्यंतरी मुलाला कुठे ठेवावं म्हणून हिंडत होती. पलासियाला एक जागा बघून आली आणि खुशीत सांगायला लागली, "काकू, काय सुंदर आहे! खेळणी, चित्रं, सगळं. फी पण झेपण्यासारखी. आणि मुलं इतकी शांत, आवाज म्हणून नाही!"

मी तिला म्हटलं, उद्या परत जा आणि त्या बाईंना एवढंच विचार की मूल रडलं तर तुम्ही काय करता. त्या जर म्हणाल्या की आमच्याकडे मुलं रडत नाहीत, तर नमस्कार करून निघून ये.

ती निघून आली. आता मुलगा दुसरीकडे जातो. सकाळी पोचवताना गल्लीभर ऐकू जाईल असा रडतो. मला त्याची मुळीच काळजी वाटत नाही.