लाल ठिपक्याची रॅम

आमचा कॉम्प्युटर आम्ही तयार विकत आणला नव्हता, घरीच जोडला होता. मी सातवीत होते. नांदेडच्या आमच्या घरात फरशीवर पेपर अंथरून पप्पांनी आणि चाचांनी त्याचा एकेक भाग माझ्यासमोर बसवला. चाचा म्हणजे पप्पांचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. पप्पा सरकारी कचेरीत कारकून, पण रविवारी त्यांचा मुक्काम याच दुकानात असायचा. घरी नळाचा वॉशर बदलायला महिना लावणारे पप्पा तिथे स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन तासन्‌तास रमायचे.

पप्पांनी मला शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे खूण करणं. मशीन दुरुस्तीला द्यायच्या आधी आतल्या प्रत्येक भागावर आपली खूण पाहिजे.

"दुकानदार चांगला पार्ट काढून घेतेत अन् मेलेला बसवून देतेत, बाळा. खूण बघितली की हात लावायची हिंमत होत न्हाई."

"माझ्यासमोरच सांगायलास की रे," चाचा म्हणाले, आणि दोघंही हसले. मग मी आईची नेलपॉलिशची बाटली आणली आणि प्रत्येक भागाच्या उजव्या कोपऱ्यात एक लाल ठिपका दिला. ही खबरदारी जगातल्या चोरांसाठी होती.

दहावीनंतर मला मेडिकलच्या क्लाससाठी लातूरला आणलं. आमच्याकडे हुशार पोरीचं दुसरं काही करतच नाहीत. औसा रोडच्या मागे दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. आई माझ्याबरोबर राहायला आली, पप्पा नोकरीसाठी नांदेडला थांबले आणि शनिवारी एसटीनं येऊ लागले. गल्लीतल्या प्रत्येक घरात असंच एक पोर आणि त्याची आई. टीव्ही नाही, पाहुणे नाहीत, माझ्या हातात बटणांचा फोन. कॉम्प्युटर तेवढा मी भांडून बरोबर आणला. अट एकच होती, नेट घ्यायचं नाही. मला नेट नकोच होतं. मला अक्षरं काढायची होती.

नांदेड-लातूर रस्त्यावर पाट्यांना तोटा नाही. अहमदपूरच्या बाजारातल्या आडत दुकानांच्या, चाकूरच्या खतांच्या, टायरवाल्यांच्या, रसवंत्यांच्या. त्या काळी त्यातल्या कितीतरी अजून पेंटरनं हातानं रंगवलेल्या होत्या. एका पेंटरचा 'र' पोट सुटलेला, दुसऱ्याचा अंग चोरून उभा. एसटीच्या खिडकीतून मी ती अक्षरं वहीत उतरवायची आणि घरी आले की माऊसनं एकेक वळण काढत बसायची. दोन वर्षांत पूर्ण वर्णमाला झाली, शिवाय वीस पाट्या मी माझ्या मनानं नव्यानं काढल्या. डिझाइनच्या एका कॉलेजच्या अर्जासोबत नेमकी वीस कामं मागत होते.

बारावीच्या वर्षी गौरी-गणपतीत मी पप्पांना सगळं दाखवलं. त्यांनी वीसही चित्रं पाहिली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिली.

"ही तू काढलीस?"

"हो."

"लई भारी. भर की फॉर्म. नीट बी दे, हे बी दे. बघू काय होतंय ते."

पालकाच्या सहीच्या जागी त्यांनी तिथल्या तिथे सही केली. मी इतकी खूश झाले की त्या आठवड्यात जीवशास्त्राचे चार धडे नुसत्या उपकाराच्या भावनेनं पाठ केले. अर्जाची शेवटची तारीख दसरा आणि दिवाळीच्या मधली होती. चित्रं पेन ड्राइव्हवर घेऊन कॅफेतून पाठवायची, एवढंच काम उरलं होतं. एका चित्रातली वेलांटी मनासारखी होत नव्हती म्हणून मी थांबले होते.

खंडेनवमीला पप्पा आले. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा होते. नांदेडला असताना विळी, शिलाई मशीन, स्कूटर आणि कॉम्प्युटर असं सगळं ओळीनं मांडलेलं असायचं. पूजा झाली की त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, त्याला विश्रांती. लातूरलाही आम्ही तसंच केलं. सकाळी मी क्लासला गेले तेव्हा पप्पा कॅबिनेट उघडून ब्रशनं धूळ काढत होते. परत आले तर त्यावर झेंडूचं फूल होतं. आईनं बोट ओलं करून कॅबिनेटला हळद-कुंकू लावलं होतं, आणि उघडंच आहे तर म्हणून आतल्या पंख्यालाही. मी हात जोडले. बटण दाबायचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवशी सोनं वाटून पप्पा दुपारच्या गाडीनं गेले.

संध्याकाळी बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला, पण पडदा काळाच राहिला. त्यावर एक चौकट इकडून तिकडे फिरत राहिली, सिग्नल नाही म्हणून सांगत.

मी आधी घाबरले नाही. वायरी काढून घट्ट बसवल्या. मॉनिटरची केबल उलटसुलट करून पाहिली. बोर्डावरचा रुपयाएवढा सेल काढून पाच मिनिटांनी परत लावला. रॅम काढली, तिचे सोनेरी दात खोडरबरनं घासले, फुंकर मारून पुन्हा बसवली. कोपऱ्यातला लाल ठिपका दिसला तेव्हा ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. पडदा तसाच.

पप्पांना फोन लावला. त्यांनी पहिल्यापासून सगळं विचारलं.

"पंखा फिरायलाय का?"

"हो."

"रॅम घासलीस?"

"दोनदा."

"अजून एक डाव घास. घाई करू नको."

मी फोन खांद्यात धरून तिसऱ्यांदा घासली. ते पलीकडे थांबून राहिले. शेवटी मी भीत भीत विचारलं, "आईनं आत कुंकू लावलं होतं, ओल्या बोटानं. त्यानं शॉर्ट होतं का?"

"होऊ शकतंय," ते म्हणाले.

फोन ठेवला आणि मी आईवर तुटून पडले. काय वाट्टेल ते बोलले. अडाणी म्हटलं. तुझ्या देवदेवात माझं आयुष्य गेलं म्हटलं. आईनं कणकेच्या हातानं तोंड झाकलं. त्या दिवशी आम्ही दोघीही जेवलो नाही. ती लाज अजून गेलेली नाही, आणि तिचा अर्धा वाटा मी पप्पांच्या नावावर ठेवलेला आहे.

दुसऱ्या दिवशी चाचांचा फोन आला. "बेटा, बोर्ड गेला समज. तिकडं कुणाला दाखवू नको, पार्ट बदलतेत लोक. दिवाळीला इकडं घेऊन ये, मी बघतो."

"निदान हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावू का? मला फक्त एक फोल्डर पाहिजे."

"नको, नको. बोर्ड शॉर्ट असलं तर ती बी गेली असंल. हलवू नको आता."

माझा या दोन माणसांवर इतका विश्वास होता की मी खरंच हलवलं नाही. रोज क्लासहून आले की एकदा बटण दाबायची, काळ्या पडद्याकडे बघायची आणि पुस्तक उघडायची. कागदावर पुन्हा चित्रं काढायला बसले, पण वीसपैकी सहाच जमली, तीही रडकी. शेवटची तारीख आली आणि गेली. त्या दिवशी क्लासमध्ये भौतिकशास्त्राची चाचणी होती आणि मला चांगले गुण पडले.

तारखेनंतर दोन दिवसांनी आई म्हणाली, "चल उठ. माझ्या हातानं बिघडलंय, मीच दाखवून आणते." मी म्हटलं, आता काय उपयोग. तिनं ऐकलं नाही. कॅबिनेट मांडीवर घेऊन ती ऑटोत बसली. एरवी लातुरातल्या दुकानात एकटीनं भाव न विचारणारी माझी आई त्या दिवशी दुरुस्तीवाल्यासमोर ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "मी कुंकू लावलं होतं आत. बघा काय जळलंय ते."

त्यानं बॅटरीनं आत पाहिलं. "मावशी, कुंकवानं कायबी झालं न्हाई." मग रॅम काढून आपल्या मशीनला लावली, आपली आमच्या मशीनला लावली. आमचा पडदा उजळला. माझं फोल्डर जागच्या जागी होतं. वीसच्या वीस चित्रं, त्या अडलेल्या वेलांटीसकट.

"रॅम मेलेली हाय. अन् तुम्ही चार जीबी म्हणलात, ही दोनचीच हाय. ही दुसऱ्याच कंपनीची जुनी रॅम."

मी ती हातात घेतली. स्टिकरवर दोनच लिहिलेलं होतं. तीन वेळा घासली होती मी ती, पण ठिपका दिसल्यावर स्टिकर वाचायची मला गरजच वाटली नव्हती. ठिपका बरोबर उजव्या कोपऱ्यात होता. फक्त जरा जास्त लाल, जरा जास्त चकचकीत, नवा.

पप्पांनी नेलपॉलिशची बाटली विकत घेतली होती. कुठल्यातरी दुकानात उभे राहून त्यांनी माझ्या ठिपक्याशी जुळणारा रंग निवडला होता. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. ते नाही म्हणाले असते तर मी भांडले असते, चार दिवस अन्न सोडलं असतं, आरडाओरडा केला असता. तेवढी किंमत सुद्धा त्यांनी मला दिली नाही. हो म्हणाले, सही केली, आणि चाचांच्या भंगारातली एक मेलेली रॅम खिशात घालून पूजेला आले.

चाचांना मी त्याच दुपारी फोन केला. ते म्हणाले, "तुझे पप्पा डोळ्यात पाणी आणून बसले होते दुकानात. पोरगी पाट्या रंगवत फिरंल म्हणाले. दोस्ती हाय, बेटा. मी काय करू?" मी त्यांच्याशी नंतर आठ महिने बोलले नाही.

दिवाळीला पप्पा आले तेव्हा मी ती दोन जीबीची पट्टी त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. आई दारात उभी होती. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग बॅगेतून एक चंदेरी पिशवी काढली. आत स्पंजमध्ये गुंडाळलेली माझी रॅम होती.

"जपून ठेवली बघ. जराबी काय झालं न्हाई तिला," ते म्हणाले.

मला एकच शब्द हवा होता, चुकलो. तो आला नाही. आईनं मात्र त्यांचा चहा उचलून मोरीत ओतला आणि ती स्वयंपाकाला लागली. तिचं भांडण तिनं तिथे संपवलं. माझं संपलं नाही.

नीटला मला चांगले गुण पडले. आणि त्याच वर्षी, निकालानंतर काही महिन्यांनी, पप्पा खरोखर त्या डिझाइन कॉलेजचा पुढच्या वर्षीचा फॉर्म कॅफेतून छापून घेऊन आले. सही करूनच आणला होता. "भर," म्हणाले. "ह्या डावाला मी आडवा येत न्हाई. मेडिकल नको असलं तर सोड." त्यांचा आवाज खरा होता, हे मला तेव्हाही कळलं. चित्रं तयार होती. वेलांटीही एव्हाना मनासारखी झाली होती. मी फॉर्मची घडी घातली, त्यांना परत दिला आणि म्हटलं, मला डॉक्टरच व्हायचंय. त्यांचा चेहरा पडला, आणि तो पडलेला पाहून मला बरं वाटलं. त्यांनी दिलेली कुठलीही गोष्ट मी हातात घेणार नव्हते, मग ती माझीच का असेना.

आज नांदेडला माझा दवाखाना आहे. रोगी येतात, काम चांगलं चालतं, वाईट म्हणण्यासारखं त्यात काही नाही. मात्र गेल्या कित्येक वर्षांत मी एक अक्षर काढलेलं नाही. पाहुणे आले की पप्पा त्यांना कौतुकानं सांगतात, "आम्ही जबरदस्ती केली न्हाई बरं का. मी स्वतः फॉर्म आणून दिला होता दुसऱ्या लाइनचा. पण हिनंच ठरवलं." पाहुणे माझ्याकडे बघून मान डोलावतात आणि मी चहाचे कप गोळा करू लागते. या बाबतीत ते खोटं बोलत नाहीत.