भोंग्याचा आवाज

कापड गिरणीत तिला भोंगा म्हणत, आणि ते काही उगाच नव्हे. पाळी सुटली की फाटकापाशीच तिचं बोलणं सुरू व्हायचं आणि कोपऱ्यावरच्या न्हाव्याला ते दुकानात बसल्या बसल्या ऐकू जायचं. नवऱ्याची दृष्टी गेल्यापासून तर बोलणं हे तिचं दुसरं कामच होऊन बसलं होतं. घरी गेली की दिवसभराचं सगळं त्याला सांगायचं: कोण कोणाशी भांडलं, मुकादमाचं नाक आज किती फुगलं होतं, आभाळ कसं दिसत होतं. तो भिंतीला टेकून ऐकायचा आणि मध्येच खुदकन हसायचा.

बारकी तिची जिवाभावाची मैत्रीण. निम्मं आयुष्य शेजारच्या मागावर काढलेली, अंगाने काडी आणि स्वभावाने काळजीचं गाठोडं. मागांच्या खडखडाटात कोणी कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथल्या बायका आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलतात आणि समोरचीने ते वाचायचे असतात. नव्या पोरीला ते हळूहळू जमतं आणि एकदा जमलं की मरेपर्यंत सुटत नाही.

यंदा भोंग्याचा घसा बसला तो उठेचना. गावातल्या डॉक्टरने घशातला तुकडा काढून शहरातल्या मोठ्या इस्पितळात तपासायला पाठवला आणि आता तिथूनच बोलावणं आलं होतं. नवऱ्याला नणंदेच्या हवाली करून भोंगा निघाली. सोबत अर्थातच बारकी, कारण दुसरं कोण येणार होतं.

इस्पितळात दुपारी जायचं होतं, म्हणजे सकाळ मोकळी. भोंगा जत्रेला आल्यासारखी हिंडली. एका दुकानातल्या सरकत्या जिन्यावरून तिने इतक्या खेपा घातल्या की पहारेकरी हसायला लागला. मग ती रस्त्याच्या त्या बाजूला गेली आणि बारकी या बाजूला, मध्ये बसगाड्यांची ही रांग. तिकडून भोंग्याने ओठांनीच कळवलं की शेजारचे कोटवाले साहेब मघापासून दुकानाच्या काचेत बघून केसांचा टोप सरळ करताहेत. बारकीची हसून पुरेवाट झाली. साहेबांना बिचाऱ्यांना पत्ताही नव्हता.

पण भोंगा जे दिसेल त्याला हात लावून बघत होती. जिन्याचा कठडा, दुकानातला पडदा, दगडी खांब. "हे त्यांना सांगायचं," असं घोगऱ्या आवाजात म्हणत होती.

इस्पितळातल्या बाकावर टेकल्यावर भोंग्याचं अवसान गळालं. तिने बारकीचा हात धरला.

"आत तूच जा. आणि एक ऐक. आवाज जाणार असेल तर कापाकापी नको. सरळ घरी जायचं. आंधळ्या माणसाला मुकी बायको देऊ मी?"

बारकीने मान डोलावली. मनातून ती संतापली होती. नवरा, नवरा, आणि आम्ही कोणीच नाही का?

डॉक्टरांच्या खोलीला बाकाच्या बाजूने काचेची भिंत होती. बारकीने आत जाताच पहिलं काम काय केलं असेल, तर खुर्ची फिरवून काचेकडे पाठ केली. आपल्या तोंडावरचं बाहेर काही वाचलं जायला नको. डॉक्टर टेबलापलीकडे बसले आणि शांतपणे सांगू लागले. गाठ वाईट आहे. स्वरयंत्र काढलं तर बाई जगतील, वेळ अजून हातात आहे, पण फार थांबून चालणार नाही. पुढे यंत्र लावून काही जण बोलतात, पण आताचा आवाज परत येणार नाही.

तरी बारकीने पदर सावरला आणि विचारलंच. साधं ऑपरेशन आहे एवढंच तिला सांगता येईल का? आवाजाचं मग कळू दे, शुद्धीवर आल्यावर. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि एकेक शब्द तोडून नाही म्हणून सांगितलं.

बाहेर येईपर्यंत बारकीने चेहऱ्यावर हसू चिकटवलं होतं. आज हिला भरती व्हायला तयार करू, पुढचं पुढे बघू, एवढंच तिच्या डोक्यात होतं. गाठ साधी आहे, छोटंसं काम आहे, थोडे दिवस घसा धरेल, असं सगळं तिने धडाधड सांगून टाकलं. भोंग्याने ऐकून घेतलं. आणखी काय म्हणाले, एवढंच विचारलं. घाबरू नका म्हणाले, असं बारकीने ठोकून दिलं.

दोघी फाटकाबाहेर आल्या. रस्त्यावर गाड्यांचा नुसता गदारोळ होता. भोंगा थांबली, बारकीला आपल्यासमोर उभं केलं आणि आवाज न काढता ओठ हलवू लागली.

"तू पाठ करून बसलीस. ते नव्हते बसले."

डॉक्टरांचं तोंड सबंध वेळ काचेकडे होतं. एवढी साधी गोष्ट बारकीच्या ध्यानात आली नव्हती.

"बघायचं नव्हतं मला," भोंग्याचे ओठ म्हणत होते. "डोळे जातातच. सगळं कळलं, एक सोडून. तू असं काय विचारलंस की ते म्हणाले, बाईंना न सांगता मी हात लावणार नाही?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. बारकी रडत रडत बोलली, आणि तिच्याही तोंडून आवाज निघाला नाही. "मला तू हवीस. मुकी तर मुकी."

"आणि आवाज माझा."

भोंगा फाटकाजवळच्या कठड्यावर जाऊन बसली. किती तरी वेळ ती येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडे बघत राहिली. बारकी जवळ जायला धजली नाही. हिने उठून बसस्थानकाची वाट धरली तर आपण हिला कुठल्या तोंडाने अडवणार, हे तिला कळत नव्हतं. शेवटी भोंग्याने तिला हाताने बोलावलं आणि आपल्या फाटक्या, घोगऱ्या आवाजात बोलली.

"आठवडाभर घरी जाते. आधी त्यांना हे सांगते, मग शहराचं सगळं सांगते. आणखी काय काय सांगायचं राहिलंय तेही सांगून टाकते. मग येऊ इथे, भरती व्हायला."

बारकीने डोळे पुसले.

"आणि तेव्हा आत माझ्याकडे तोंड करून बस."