डाव्या हाताचा विळा

बायआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी महाडच्या एका हार्डवेअरच्या दुकानात उभा होतो, आणि गंज काढायच्या दोन बाटल्यांपैकी कुठली चांगली यावर दुकानदाराचं डोकं खात होतो. फोनवर तिच्या शेजारची सुनीतावहिनी होती. "भावजी, आत्या उठत नायत... डॉक्टर बघून गेले," एवढंच म्हणाली. मी बरं म्हणालो, फोन खिशात टाकला आणि दोन्ही बाटल्या विकत घेतल्या. का घेतल्या, ते आज दीड महिन्यानंतरही सांगता येत नाही. त्या अजून गाडीच्या डिकीत आहेत, सीलसुद्धा फोडलेलं नाही.

बायआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. मूलबाळ नव्हतं, नवरा लवकर गेला; पोलादपूरच्या पुढे, कुडपणच्या वाटेवरच्या वाडीत एकटीने राहून तिने भात आणि वाल पिकवले. तिच्या चुलीच्या डोक्यावर बांबूची माची टांगलेली असे. शेतातलं काम आटोपलं की विळे, कोयते, नांगराचा फाळ सगळं धुऊन, पुसून, करंजाचं तेल लावून ती त्या माचीवर ठेवी, आणि खालून रोजचा धूर. आमच्याकडच्या पावसात दाराची कडीसुद्धा तांबडी होते, पण आत्याचं लोखंड वर्षभर काळं कुळकुळीत. शाळेत असताना मी सुट्टीत कापणीला जायचो. मी डावखुरा, आणि विळ्याची धार उजव्या हातासाठी लावलेली. माझ्या हातात तो भात कापण्याऐवजी नुसता चेपायचा. आत्याने महाड गाठून लोहाराकडून उलट्या धारेचा विळा करून घेतला. "हा दुसऱ्या कुणाच्या कामाचा नाय हो," लोहार म्हणाला. "नसू दे. माझा भाचा हाय ना," आत्या म्हणाली.

चार वर्षांपूर्वी याच भाच्याला सुधारणेचा झटका आला. आत्याला खोकला होता, तो खरा होता, पण मी लगेच डॉक्टर, इंजिनीअर आणि आदर्श भाचा असा तिघांचा अवतार घेतला. चूल फोडली, ओटा घातला, टाइल्स लावल्या, गॅस आणला. माची उतरवली आणि हत्यारं जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून, तोंडं घट्ट आवळून माळ्यावर टाकली. कशासाठी, तर गंज लागू नये म्हणून. पहिल्याच पावसात पिशव्यांना आतून घाम सुटला. गणपतीत उघडल्या तर आतलं सगळं लोखंड तांबडं झालेलं, बोट लावलं की पापुद्रे निघत होते. आत्या रागावेल असं वाटलं. ती नुसती म्हणाली, "धूर मिळत व्हता त्यांना." मग थोड्या वेळाने, "मागल्या पडवीत एक चूल घालून दे रे दिनू. उघड्यावर हाय, खोकला नाय यायचा."

"दिवाळीनंतर घालतो," मी म्हणालो.

दिवाळी गेली, शिमगा गेला, पुन्हा दिवाळी आली. एकदा तर कशेडी घाटात ट्रक आडवा झालाय, गाड्या तुंबल्यात, येता येत नाही, असं मी फोनवर ठोकून दिलं. महाडहून तिच्याकडे येताना कशेडी लागतच नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. "बरं बाबा, ट्रक उठला की ये," ती म्हणाली. गेल्या कापणीला मात्र गेलो, जोरात विळा चालवला आणि अर्ध्या तासात बोट कापून घेतलं. आत्या हळद दाबता दाबता हसत होती. "हातच गंजले तुझे." मी विचारलं, माझा जुना विळा कुठाय? "असल कुठं तरी. चूल घातलीस की शोधू."

थंडीत तिच्या वालावर तांबेरा पडला. तिने एक पान उलटं करून अंगठा फिरवला, तर अंगठ्यावर तांबडी पूड. "बघ, गंज पानाला पन चढला." तिच्या मते त्यावर चुलीतली राख भुरभुरायची असते. पण चूल होती कुठे? घमेलं घेऊन ती सुनीतावहिनीच्या दारात राख मागायला गेली, ते मी बांधावरून बघितलं. जन्मात कुणाकडे चिमूटभर मीठ न मागितलेली बाई... आणि मी काय केलं, तर मोबाइलवर फवारणीचं औषध शोधलं. राखेने तांबेरा जातो की नाही, मला माहीत नाही. पण चूल घालणं एका दुपारचं काम होतं, आणि ती दुपार देण्याऐवजी शेवटी मी तिला गंज काढायची बाटली नेऊन देणार होतो. याचा राग येतो आणि तो कुठे ठेवावा कळत नाही. तिच्यावरही येतो. एकदा तरी तिने मला अंगणात उभं करून झाडायचं होतं.

बाराव्याला जो तो म्हणत होता, दिनूने आत्यासाठी किती केलं, ओटा काय, टाइल्स काय. ते ऐकवेना म्हणून मी मागच्या पडवीत गेलो. कोपऱ्यात पत्र्याच्या आडोशाला तीन दगड मांडलेले, त्यांच्या मध्ये राख, मागची भिंत काळी. वर वाशाला तारेने एक फडकं टांगलेलं. सोडलं तर आत विळा, तेलाने चकचकीत, कुठे तांबूस ठिपका नाही. डाव्या हातात अचूक बसला.

सुनीतावहिनी मागे येऊन उभी होती. "गंज घासून काढून आत्या हा आधी आमच्या चुलीवर टांगायच्या. शिमग्याला घेऊन गेल्या, म्हनल्या, दुसऱ्याला किती तरास द्यायचा. रोज थोडा जाळ करायच्या, मग खोकत बसायच्या. तुमाला सांगू नको म्हनल्या. म्हनल्या, तो घालनार हाय चूल."

आता दर रविवारी मी तिथे जातो, त्या तीन दगडांवर चहा करतो. डोळे चुरचुरतात, चहाला धुराचा वास येतो, शर्टाच्या वासावरून घरी बोलणी बसतात. विळा परत फडक्यात गुंडाळून वाशाला टांगलाय. गेल्या रविवारी सुनीतावहिनीला सांगितलं, पावसाच्या आत इथे मातीची नीट चूल घालतो. तिने एकदा विळ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि "बरं" म्हणाली... अगदी आत्या म्हणायची तसं.