आप्पा नक्की कोणत्या बाजूचे?

जोगेश्वरीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये माझे जेवढे किस्से जमलेत, तेवढे आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये माझे रन नसतील. मुळात गोंधळ माझाच. मुंबईच्या टीममध्ये निवड होईना, म्हणून आखातातल्या एका छोट्या देशात अकाउंट्सची नोकरी धरली. तिकडच्या क्लबकडून काही वर्षं खेळलो, तर त्या देशाने मला थेट आपल्या टीममध्येच घेतलं!

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला लहानपणापासून घडवलं ते इंडियासाठी. बातमी ऐकून ते "बरं" म्हणाले. पुढे वर्षभर त्यावर एक शब्द नाही. मला ते फार लागलं होतं.

*

समोरचे सावंतकाका मात्र खोलात शिरले.

"पासपोर्ट कुठला तुझा?"

"भारताचाच."

"आणि खेळतोस त्यांच्याकडून?"

"हो."

काकांनी आवाज खाली आणला. "अंपायरला माहितीये ना?"

*

पहिल्या मॅचला राष्ट्रगीत लागलं. अरबीत. आमची अर्धी टीम भारतातली, अर्धी पाकिस्तानातली, पाठ कोणालाच नाही. टीव्हीवर ओठ हलताना दिसायला हवेत, म्हणून मी सतराचा पाढा म्हटला. शेजारी लाहोरचा कॅप्टन काय पुटपुटत होता, देव जाणे.

आईचा लगेच फोन. "अरबी काय स्वच्छ बोलतोस रे!"

*

गणपतीत मंडळाने माझा फ्लेक्स लावला. बघतो तर अंगात इंडियाची निळी जर्सी!

"अरे, ही माझी नाही," मी फ्लेक्सवाल्याला म्हटलं.

"तिकडच्या जर्सीत तुला ओळखणार कोण?" तो म्हणाला. "एक्स्ट्रा काम केलंय यार, थँक्यू तरी बोल."

आप्पा त्या फ्लेक्ससमोर बराच वेळ उभे होते. "चांगला दिसतोस," म्हणाले. मला आनंद व्हावा की वाईट वाटावं, तेच कळेना.

*

आणि मग आमची मॅच इंडियाशीच लागली. बिल्डिंगखाली मोठा स्क्रीन, सगळे खुर्च्या टाकून बसलेले. मी चौका मारला की ओरडायचं की गप्प बसायचं, हे म्हणे शेवटपर्यंत ठरलं नाही. एक्केचाळीसवर स्लिपमध्ये कॅच गेला.

हॉटेलवर पोचून घरी फोन केला. आई तापलेली.

"मी यांच्याशी बोलत नाहीये. तू आउट झालास आणि हे उभं राहून टाळ्या वाजवत होते. सगळ्यांसमोर!"

फोन आप्पांकडे गेला. मी विचारलं, "आप्पा, खरंच?"

"अरे, इंडियाला विकेट मिळाली की हात आपोआप वाजतात. इतक्या वर्षांची सवय."

मागे आईने भांडं आपटलं. आप्पा हळूच म्हणाले,

"खाली बसलो, तेव्हा कळलं कोण आउट झालं ते."