डाव्या पायाचा क्लच

गिअरबॉक्स जॅकवर अर्धा खाली उतरवला होता. मी गाडीखाली पाठीवर पडून त्याचा तोल सांभाळत होतो. तेवढ्यात पलीकडून साडीचा काठ आणि चपला दिसल्या.

"मिस्त्री, जरा बाहेर येता का?"

मेजरसाहेबांच्या पत्नीचा आवाज ओळखला. म्हटलं, "बाईसाहेब, आत्ता हात काढला तर हे धूड छातीवर येईल. बोला तुम्ही, मला ऐकू येतंय."

त्या आणखी जवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "असंच बरं आहे. तोंडासमोर मला बोलता आलं नसतं. हे काम होण्यासारखं नाही, असं तुम्ही त्यांना सांगा. गाडी जुनी आहे, पार्ट मिळत नाहीत, काहीही सांगा. ते तुमचं ऐकतील."

 वर बेलहाउसिंगला, म्हणजे क्लचवरच्या लोखंडी टोपाला, हात लावून माझा जोडीदार आजिनाथ उभा होता. 

"पाय गेला तेव्हा मी धीर धरला," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा माझ्याच्यानं व्हायचं नाही."

मेजरसाहेब भिंगारला राहायचे. वय चाळिशीच्या आतबाहेर. एकाहत्तरच्या लढाईत सुरुंगावर पाय पडला आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्याहून लाकडी पाय बसवून आले होते. काठी घेऊन चालायचे, पण कुणी हात पुढे केला की चेहरा उतरायचा. फौजेतून निवृत्ती मिळाली होती. श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात त्यांना शेतकी खात्यात जागा मिळत होती. काम म्हणजे ऊस उत्पादकांच्या गावागावांतून फिरायचं. कारखान्याच्या लोकांनी स्पष्ट सांगितलं होतं, ड्रायव्हर देता येणार नाही. स्वतः गाडी चालवत असाल तर या.

गाडी त्यांच्या वडिलांची. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची विलायती गाडी, लांब बॉनेट, बाजूला पायऱ्या. तिचा गिअरबॉक्स जुन्या पद्धतीचा होता. त्याला गिअर बदलताना डबल क्लच करावा लागायचा. म्हणजे क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचं, सोडायचा, पुन्हा दाबायचा आणि मग गिअर टाकायचा. एका गिअरला दोन वेळा डावा पाय. क्लच म्हणजे इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये बसलेली तबकडी. इंजिनाच्या अंगाला तिला एक जड प्लेट स्प्रिंगांच्या जोरावर दाबून धरते. पेडल दाबलं की ती सुटते, सोडलं की पकडते. या गाडीचे स्प्रिंग इतके कडक की माझाही पाय दिवसभरात भरून यायचा.

मेजरसाहेब पहिल्यांदा माझ्या गॅरेजात आले तेव्हा त्यांनी मला एवढंच विचारलं होतं, "होईल का?"

मी म्हटलं होतं, "विचार करून सांगतो." भिंगारच्या लष्करी वर्कशॉपमध्ये मी बरीच वर्षं सिव्हिलियन मेकॅनिक होतो. तिथं साहेब लोकांना लगेच 'हो' ऐकायची सवय असते. हे मात्र "बरं" म्हणाले आणि माझ्या स्टुलावर बसून राहिले. विचार करून होईपर्यंत उठायचा त्यांचा इरादा दिसला नाही.

मार्ग एकच होता. जुना गिअरबॉक्स काढून सिंक्रोचा बसवायचा. सिंक्रोमध्ये पितळेच्या कड्या असतात, त्या दोन गिअरचा वेग आपोआप जुळवतात. एकदा क्लच दाबला की भागतं. आणि क्लचही हलका करायचा.

आता गाडीखालून मी बाईसाहेबांना म्हटलं, "तुमच्यासाठीसुद्धा मी त्यांच्याशी खोटं बोलणार नाही. पण एक सांगतो. काम झाल्यावर गाडी करंजीच्या घाटात नेतो. चढावर मधेच उभी करायची आणि साहेबांनी तिथून उचलायची. तुम्ही मागे बसा. नाही उचलली, तर मीच त्यांना नाही म्हणून सांगेन."

"नक्की?"

"नक्की."

चपला निघून गेल्या. आजिनाथ वाकून खाली बघत म्हणाला, "शब्द देऊन बसला व्हय? आधी बॉक्स तर बसू द्या."

आजिनाथ पाथर्डीकडचा. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा, हाताला फार पक्का. त्याचं बरोबर होतं. भंगारातून आणलेला गिअरबॉक्स नव्या बनावटीच्या, लहान गाडीचा होता. त्याचा एकही बोल्ट आमच्या इंजिनाच्या भोकांना जुळत नव्हता. मधे एक जाड लोखंडी प्लेट कापून घेतली, एका बाजूला इंजिनाची भोकं, दुसऱ्या बाजूला बॉक्सची. ही प्लेट केसभर जरी इकडेतिकडे झाली तरी शाफ्ट तिरपा बसतो आणि क्लच धडधडतो. लेथवाल्याकडून ती दोनदा तासून सपाट करून घेतली. शाफ्टचं टोक इंजिनात ज्या बुशमध्ये फिरतं तो बुश मोठा होता, म्हणून गनमेटलचा नवा करून घेतला. मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट कापून आखूड केला.

खरी चिंता स्प्रिंगांची होती. कडक ठेवावे तर साहेबांचा पाय पेडल दाबू शकत नाही. मऊ करावे तर प्लेट घट्ट धरत नाही आणि क्लच घसरतो, जळतो. मी एक सोडून एक स्प्रिंग बदलून हलके टाकले. आजिनाथनं हातानं पेडल दाबून पाहिलं.

"लई मऊ झालं बगा," तो म्हणाला.

"साहेबांना दाबता आलं पाहिजे ना."

"दाबता येईल. गाडी धरंल का, ते बगा."

मैदानावर गाडी धरली. पण वेगळीच अडचण निघाली. क्लच नेमका कुठं पकडतो हे आपल्याला पायाला कळतं. साहेबांच्या पायाला काहीच कळत नव्हतं. लाकडाला काय कळणार? गाडी उडी मारून बंद पडायची. पुन्हा स्टार्ट, पुन्हा उडी. त्यांच्या मानेवर घाम आला.

मी म्हटलं, "साहेब, पाय विसरा. बॉनेटच्या टोकाकडे बघा. हँडब्रेक ओढलेला ठेवा आणि क्लच हळूहळू सोडा. पकडायला लागला की गाडीचं नाक जरासं वर उचलतं. ते दिसलं की हँडब्रेक सोडा."

त्यांनी बघितलं. नाक उचललं. हँडब्रेक सुटला आणि गाडी लोण्यासारखी निघाली. मागच्या सीटवर बाईसाहेब होत्या. आरशात त्यांचा चेहरा दिसला, पण त्यावरून काही कळलं नाही.

दोन-तीन दिवस मैदानावर सराव झाला आणि आम्ही घाटात गेलो. साहेब स्टिअरिंगवर, मी शेजारी, मागे बाईसाहेब आणि आजिनाथ. आजिनाथनं पायाशी दोन मोठे दगड ठेवले होते. घाट नीट उतरलो, करंजीत वळलो आणि चढायला लागलो. बहात्तरच्या दुष्काळात घाटातल्या रस्त्याचं काम चाललं होतं. कडेला बाया खडी फोडत होत्या, डोक्यावर पाट्या घेऊन इकडून तिकडे जात होत्या. कुठं थांबायचं हे मी आधी ठरवून ठेवलं होतं, पण तिथवर जावंच लागलं नाही. एका वळणाच्या खाली दगडाचा ट्रक आडवा लागून रिकामा होत होता. मी निवडली असती त्यापेक्षा ही जागा कितीतरी जास्त चढाची होती.

साहेबांनी गाडी उभी केली. हँडब्रेक ओढला. ट्रक बाजूला झाला.

"चला," मी म्हटलं.

त्यांनी पहिला गिअर टाकला. नाक उचललं. हँडब्रेक सोडला. इंजिन ओरडलं, पण गाडी पुढे गेली नाही. ती मागे सरकायला लागली. मागे पाट्या घेतलेल्या बाया रस्ता ओलांडत होत्या. मी हँडब्रेक खेचला, साहेबांनी ब्रेक दाबला, आजिनाथ दार उघडून उडी मारून चाकामागे दगड लावून मोकळा झाला. बाया ओरडत पांगल्या.

मग वास आला. जळक्या क्लचचा वास ज्यानं एकदा घेतलाय तो विसरत नाही. करपलेल्या केसांसारखा.

आजिनाथ खिडकीशी येऊन माझ्याकडे बघत राहिला.  स्प्रिंग लई मऊ झाले, हे त्याचं म्हणणं खरं ठरलं होतं.

मी म्हटलं, "साहेब, क्लच घसरतोय. माणसं जास्त आणि चढ फार. सगळे उतरू. थंड झाला की वजन कमी करून मी एकटा वर नेतो."

"तुम्ही का?"

"एकच माणूस बसला पाहिजे म्हणून."

"मग तो ड्रायव्हर," ते म्हणाले. "ड्रायव्हर मी आहे."

"साहेब, शेजारी कुणी नसेल. हँडब्रेक ओढायला..."

"कारखान्याच्या गावांना जाताना शेजारी कोण असणार आहे, मिस्त्री?"

 मी मागे वळून बाईसाहेबांकडे बघितलं. मी त्यांना शब्द दिला होता. चढावर गाडी उचलली नाही तर मी नाही म्हणणार होतो, आणि गाडी उचलली नव्हती. त्यांनी नुसती मान हलवली असती तरी मी किल्ली काढून घेतली असती. खरं सांगायचं तर, त्यांनी ती हलवावी असं मला वाटत होतं.

त्या दार उघडून उतरल्या. सरळ त्या खडीवाल्या बायांकडे गेल्या. "बाई, जरा रस्त्यावरून बाजूला व्हा. डोंगराच्या अंगाला उभ्या राहा सगळ्या. गाडी मागे येईल कदाचित."

एक म्हातारी म्हणाली, "मालक एकलेच नेत्यात व्हय? पाय अधू दिसतुय त्यांचा."

"हो," बाईसाहेब म्हणाल्या. "एकटेच नेणार आहेत."

मग त्या परत खिडकीशी आल्या. "उतरा मिस्त्री," मला म्हणाल्या. आणि साहेबांना, "घाई करायची नाही. नाक उचलल्याशिवाय हँडब्रेक सोडायचा नाही. आणि सोडलात की मागे बघायचं नाही."

आम्ही उतरलो. वास जाईपर्यंत थांबलो. ऊन असं होतं की मडगार्डला हात लागत नव्हता. दरीकडच्या बाजूला कठडा मोडलेला होता. मी मनातल्या मनात स्प्रिंग मोजत होतो, कुठला कुठं टाकला, कुठला उगाच काढला.

इंजिन सुरू झालं. आवाज चढला. बॉनेटचं नाक उचललं, थरथरलं. हँडब्रेकचा खट्‌ आवाज आला आणि गाडी मागे सरकून दगडाला टेकली. बाईसाहेबांनी माझा दंड धरला. इतका घट्ट की नंतर हात वर करताना दुखत होता. नाक पुन्हा खाली आलं, पुन्हा उचललं. जळका वास पुन्हा आला. मी "बंद करा!" म्हणून ओरडणार, तेवढ्यात चाक दगडापासून सुटलं.

गाडी माणूस चालतो त्या वेगानं वर निघाली. मग जरा वेगात. पुढे आवाज क्षणभर बसला, दुसरा गिअर पडला. जुना बॉक्स असता तर किंचाळला असता. हा गप्प होता. गाडी वळणाआड गेली.

आणि आवाज एकदम थांबला.

बाईसाहेब पळत सुटल्या. मी आणि आजिनाथ मागे. त्या चढावर साडी नेसून कुणी एवढं पळेल असं मला वाटलं नव्हतं. वळण घेतलं तर गाडी रुंद जागेत कडेला नीट उभी होती, चाकं डोंगराकडे वळवलेली. साहेब गाडीच्या पायरीवर बसून लाकडी पायाचे पट्टे सोडत होते. आतला, तुटक्या पायावरचा मोजा रक्तानं भरला होता.

"दुखतंय?" बाईसाहेबांनी धापा टाकत विचारलं.

"फार," ते म्हणाले. "चालवताना कळलं नाही."

त्या त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या. पदरानं तोंड पुसलं आणि मग रडल्या. साहेबांना काय करावं कळेना. त्यांनी लाकडी पाय बाजूला ठेवला आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकला. मी बॉनेट उघडून इंजिन बघत बसलो. आत बघण्यासारखं काही नव्हतं. आजिनाथही येऊन माझ्याबरोबर बघायला लागला.

परत येताना गाडी मी चालवली.  भिंगारला उतरताना बाईसाहेब मला म्हणाल्या, "जळलेली ती प्लेट बदला. आणि पेडल याहून जड नको."

गॅरेजला गाडी पुन्हा उघडली. क्लच प्लेट काळी पडली होती. जुने कडक स्प्रिंग परत टाकले आणि पेडलचा दांडा लांब केला. पाय थोडा जास्त आत घालावा लागायचा, पण जोर कमी लागायचा. पेडलला चामड्याची वाटी शिवून घेतली, म्हणजे बूट सटकायचा नाही. हे आधीच का सुचलं नाही असं आजिनाथनं विचारलं. मी म्हटलं, घाट आधी बघितला नव्हता म्हणून.

आरटीओच्या इन्स्पेक्टरनं साहेबांना चढावर तीन वेळा थांबवलं. तिन्ही वेळा गाडी उचलली. नोकरी लागली. पुढे कित्येक वर्षं ती गाडी श्रीगोंद्याच्या उसाच्या गाडीवाटांवरून फिरताना लोकांनी बघितली. इतरांपेक्षा साहेब क्लच प्लेट लवकर संपवायचे. मी त्याबद्दल त्यांना कधी बोललो नाही.

त्यानंतर एक सवय लागली. कुणी म्हणालं पेडल जड लागतंय, तर मी आधी माझ्या पायानं दाबून बघत नाही. त्यालाच दाबायला लावतो आणि त्याच्या तोंडाकडे बघत उभा राहतो. निम्मं काम तिथंच कळतं. उरलेलं निम्मं चढावर.